मामांची जीप आणि शाफ्टचा कोन

मामांनी जेवता जेवता जीप विकायची गोष्ट काढली आणि माझा घास हातातच राहिला.

मामा म्हणजे माझे सासरे. तलवाड्याहून गेवराईला, कधी थेट बीडपर्यंत, त्यांनी उभा जन्म काळीपिवळी जीप चालवली. मग दारोदार मोटारसायकली आल्या, प्रवासी आटले आणि जीप शेडात जाऊन बसली. तिच्या टपावर कोंबड्या झोपायच्या. मामा मात्र रोज सकाळी तिला चालू करून जरा वेळ गुरगुरू द्यायचे आणि बंद करायचे. शेजारच्या म्हाताऱ्याची तब्येत विचारून यावं, तसं.

"विकू नका, मामा," मी म्हणाले. "आपण तिला फोर व्हील करू."

मी गेवराईला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवते. या घरात सून म्हणून आले तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, गावभर सांगितलं होतं की पोरगी गाड्या खोलती म्हणं. पण घरातली गाडी खोलायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. माझे मिस्टर बीडला कोर्टात कारकून आहेत. त्यांना ग्रीसचा वासही सोसत नाही. ते हसले. आत्याबाईंनी भाकरी परतता परतता कपाळाला हात लावला.

मामा मात्र हसले नाहीत. त्यांनी ताट बाजूला सारलं.

"मंजी मागच्या चाकासंगं पुढचीबी वढणार?"

"व्हय."

"डोंगर चढंल?"

"चढंल की."

"मग शिरूर कासारच्या टेकडीवर जीपगाड्यांची शर्यत हाय म्हणत्यात दिवाळीच्या मागं. त्यात जाऊ आपुन?"

मी शर्यतीचं काहीच बोलले नव्हते. पण त्यांच्या डोळ्यांत असं काही चमकलं की मी एकदम हो म्हणून बसले. त्या रात्री मला झोप लागली नाही. बोटांना नुसती खाज सुटली होती.

आमची जीप साधी होती. इंजिनाचा जोर गिअरबॉक्समधून निघायचा, एका लांब शाफ्टवरून, म्हणजे फिरत्या दांड्यावरून, मागच्या एक्सलला, चाकांच्या आसाला, जायचा आणि मागची दोन चाकं फिरायची. आता गिअरबॉक्सच्या मागं आणखी एक लोखंडी डबा बसवायचा होता. त्याला ट्रान्सफर केस म्हणतात. तो जोराच्या दोन वाटा करतो, एक मागं आणि एक पुढं. म्हणजे शाफ्ट दोन आणि जोर घेणारे एक्सलही दोन. हे सगळं एकाच गाडीचं मिळालं तर उत्तम, कारण पुढची आणि मागची चाकं एका हिशोबानं फिरली पाहिजेत.

रविवारी आम्ही दोघं बीडला भंगार बाजारात गेलो. भंगारवाल्यानं आधी मामांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि मग त्यानं मामांनाच माल दाखवायला सुरुवात केली. ट्रान्सफर केस चांगली निघाली. मी तिचा दांडा हातानं फिरवून पाहिला, दात गुळगुळीत होते. मग त्यानं एक पुढचा एक्सल दाखवला. तेल लावून ठेवलेला, जणू नवाच. मामा त्याच्यावर भाळले. त्यांनी त्याच्यावरून असा हात फिरवला की मला वाटलं, आता हे त्याला वैरण घालणार.

"हाच घिऊ," ते म्हणाले.

"नको, मामा."

"कावून?"

एक्सलच्या ज्या फुगीर गोळ्यात शाफ्ट येऊन मिळतो, तो या एक्सलला डाव्या अंगाला होता. आमच्या ट्रान्सफर केसचं पुढचं तोंड उजव्या अंगाला होतं. मी खाली बसले, मातीत काडीनं जीप काढली आणि शाफ्टची रेघ ओढली. रेघ उजवीकडून निघून डावीकडं गेली, इंजिनाच्या ऑइल चेंबरखालून, तिरकी.

"चेंबरलाच घासंल हा," मी म्हणाले. "आन् न्हाई घासला तर इतका तिरका की शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस चार दिवसांत तुटंल."

मामांनी रेघेकडं पाहिलं. मग त्या देखण्या एक्सलकडं पाहिलं. नंतर ते टायरांच्या ढिगामागं निघून गेले. मला वाटलं, रुसले. तेवढ्यात त्यांची हाक आली, "सूनबाई, हिकडं या, पळत या!"

ढिगामागं ताडपत्रीखाली अख्खी एक चार चाकं ओढणारी जीप पडली होती. बॉडी गंजून जाळी झालेली. पण खालचे दोन्ही एक्सल शाबूत, आणि पुढचा गोळा उजव्या अंगाला! मामा गुडघ्यावर बसून त्या गोळ्यावर थापा मारत होते आणि मोठमोठ्यानं म्हणत होते, "उजवा हाय! उजवा हाय!" भंगार बाजारातली माणसं काम टाकून बघायला लागली.

पुढचे कितीतरी रविवार आमच्या शेडात गेले. चिंचेच्या फांदीला चेनब्लॉक बांधून आम्ही जीप उचलायचो. मामा साखळी ओढायचे, मी खाली. आत्याबाई चहा आणून ठेवायच्या आणि जीपखालून बाहेर आलेले माझे पाय बघून म्हणायच्या, "हाय का जित्ती?" सुरुवातीला गावातल्या बायका मुद्दाम शेडावरून वाट काढायच्या. पुढं पुढं त्याच थांबून विचारायला लागल्या, "बसलं का गं आज?"

माळावर पोट घासू नये म्हणून आम्ही पाट्यांत, म्हणजे एक्सलवरच्या स्प्रिंगांत, एकेक पान वाढवलं. जीप उंच झाली. भंगारातल्या जीपचे दोन्ही एक्सल बसले, ट्रान्सफर केस बसली. पुढचा शाफ्ट त्या भंगारातल्या गाडीचाच जमला. मागचा मात्र कापून आखूड करावा लागला, कारण मधली जागा ट्रान्सफर केसनं खाल्ली होती. बीडच्या एका लेथवाल्या चाचांनी तो कापून, जोडून, फिरवून बघून दिला. "बेटी, इसमें बाल बराबर फरक नहीं," ते म्हणाले, आणि खरोखरच तो लेथवर देवळातल्या समईसारखा थिर फिरत होता.

पहिल्या दिवशी गेवराईच्या रस्त्याला जीप काढली तेव्हा मला हसावं की ओरडावं कळेना. पुढचा गिअर टाकला, चारी चाकं ओढायला लागली आणि मामांनी वाटेकडेच्या नांगरटीत गाडी घालून परत बाहेर काढली! मग डांबरी लागली, मामांनी वेग वाढवला आणि थरथराट सुरू झाला. आधी बारीक, मग असा की आरशातला रस्ता पुसट झाला आणि माझे दात वाजायला लागले. वेग कमी केला की गायब. वाढवला की पुन्हा.

"चाकं बॅलन्स नसतील," मी म्हणाले.

मामांनी चप्पल काढली आणि उघडा पाय गाडीच्या पत्र्यावर टेकवला. थोडा वेळ तसेच चालवत राहिले.

"चाकाची न्हाई ही. चाकाची थरथर धिम्मी येती, बुडाखाली. ही बारीक हाय. तळपायाला झोंबती, मधनं. शाफ्ट हाय ह्यो."

चाक एकदा फिरतं तोवर शाफ्ट चार-पाच वेळा फिरलेला असतो, म्हणून त्याची थरथर बारीक. हे मी वर्गात फळ्यावर शिकवलेलं आहे. तळपायानं मी ते कधी ऐकलं नव्हतं. मीही चप्पल काढली. आम्ही दोघं सासरा-सून अनवाणी, गंभीर चेहऱ्यानं, गेवराईच्या रस्त्यावरून जीप चालवत परत आलो.

घरी आल्यावर मी शेडाच्या फरशीवर खडूनं सगळं काढून मामांना समजावलं. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतो, अधिकच्या खुणेसारखा लोखंडी तुकडा. त्याच्यामुळं शाफ्ट वाकड्या कोनातही फिरू शकतो. पण वाकून फिरताना तो एका फेऱ्यात दोनदा घाई करतो आणि दोनदा रेंगाळतो. पहिल्या क्रॉसनं घातलेला हा हेलकावा दुसऱ्या क्रॉसनं बरोबर तितकाच उलटा काढून टाकायचा असतो. त्यासाठी दोन्हीकडचं वाकणं सारखं पाहिजे. ट्रान्सफर केसचं तोंड आणि एक्सलच्या गोळ्याचं तोंड एकमेकांना समांतर पाहिजे.

"मग आधी कावून थरथरत नव्हती?"

"आधी शाफ्ट लांब होता. शिडी भिंतीपासून लांब ठेवली तर आडवी पडती, जवळ वढली तर उभी ऱ्हाती. आता शाफ्ट आखूड झाला, गाडी उंच झाली, शिडी उभी राहिली. कोन वाढला."

मामांनी शिडीचं ऐकलं आणि एकदम मांडीवर थाप मारली. "मंग मोजा की!"

माझ्याकडं कोन मोजायचं महागडं यंत्र नव्हतं. मिस्टरांच्या शाळेतल्या कंपासपेटीतला कोनमापक होता आणि मामांनी गावातल्या गवंड्याकडून ओळंबा आणला. जीप चारी चाकांवर उभी केली, म्हणजे पाट्यांवर तिचा खरा भार राहावा. मागचा शाफ्ट काढला. कोनमापक लोखंडी पट्टीला चिकटवला, पट्टी तोंडाला टेकवली, ओळंब्याचा दोरा वरून सोडला. ट्रान्सफर केसचं तोंड जवळजवळ सरळ मागं बघत होतं. एक्सलच्या गोळ्यानं मात्र मान खाली घातली होती, नव्या नवरीसारखी. त्याची बैठक दुसऱ्या गाडीच्या हिशोबाची होती. फरक चांगलाच होता आणि तो बघून मला आनंदाची उकळीच फुटली. चूक दिसली म्हणजे निम्मं काम झालं!

आम्ही लोखंडाच्या पाचरी करून घेतल्या आणि पाटे नि एक्सल यांच्यामध्ये ठोकल्या. गोळ्यानं मान वर केली. अगदी समांतर आणली नाही, केसभर खालीच ठेवली, कारण जोर पडला की तो आपोआप आणखी वर मान काढतो. खोललंच आहे तर म्हणून शाफ्टचा मधला सरकता जोडही सुटा करून त्यात ग्रीस भरलं. पाटे दबले-उघडले की शाफ्टची लांबी कमी-जास्त व्हावी लागते, त्यासाठी तो जोड असतो. एका नळीत दुसरी दातेरी नळी सरकते.

दुसऱ्या दिवशी मोठ्या तोऱ्यात गाडी काढली. थरथराट दुप्पट!

मामांनी गाडी बाभळीखाली घेतली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर थाप मारून जीपलाच विचारलं, "काय बे? एवढं केलं तुझं, आन् तू हे केलं?"

मी खाली उतरून जीपखाली शिरले. पाचरी जागेवर. बोल्ट घट्ट. सगळं जिथल्या तिथं. मी शाफ्टकडं बघत पडून राहिले. पुढच्या टोकाचं कात्रं, म्हणजे क्रॉस धरणारे ते दोन कान, आडवं होतं. मागच्या टोकाचं उभं होतं.

"मामा!" मी इतक्या जोरात ओरडले की ते पळतच आले. "फिरवून बसवला आपण! ग्रीस भरून परत घातला तेव्हा फिरवून बसला!"

दोन्ही टोकांची कात्री एका रेषेत पाहिजेत. नाहीतर एक क्रॉस घाई करतो तेव्हा दुसराही घाईच करतो, हेलकावा मिटायच्या ऐवजी बेरीज होते. तिथंच, बाभळीखाली, गाडीतले पाने काढून आम्ही शाफ्ट उतरवला, जोड ओढून सुटा केला, कात्रं कात्र्याशी जुळवलं आणि परत चढवला. माझ्या साडीला ग्रीस, मामांच्या धोतराला ग्रीस. रस्त्यानं जाणारा एक मोटारसायकलवाला थांबून विचारायला लागला की ॲक्सिडेंट झाला का.

मग आम्ही निघालो. मामांनी वेग वाढवला. आणखी वाढवला. मी पाय पत्र्यावर टेकवला होता. काही नाही. आरशात रस्ता लख्ख. गेवराईच्या फाट्यापाशी मामा एकदम म्हणाले, "लोण्यावानी चाललीय गं!"

शर्यतीच्या आधी राहिलं होतं ते शाफ्टची लांबी बघणं. आम्ही जीप चिंचेला टांगली, चाकं लोंबू दिली. सरकता जोड ताणला गेला तरी दोन बोटं आत होता. पुरेसं वाटलं.

शिरूर कासारजवळच्या त्या टेकडीखाली सकाळीच जत्रा भरली होती. बीडच्या हौशी पोरांनी जमवलेली शर्यत. मोठमोठ्या टायरांच्या, रंगीबेरंगी जीपा, गॉगल लावलेले मालक. आमची जीप अजून निम्मी काळी, निम्मी पिवळी. टेकडीच्या माथ्यावर झेंडा लावलेला, मध्ये धोंडे, मुरूम आणि एक खोल ओघळ. झेंड्यापर्यंत गाडी न्यायची, एवढाच नियम. मामा धोतर खोचून स्टिअरिंगला बसले. मी शेजारी, पट्टा बांधून. मिस्टर कोर्टाचे कपडे घालून आले होते आणि त्यांनी मोबाईल इतका घट्ट धरला होता की त्यांचीच शर्यत असावी.

"भ्या वाटतंय का?" मामांनी विचारलं.

"लई," मी म्हणाले.

"मलाबी. चला."

धोंडे आम्ही सहज चढलो. पुढची चाकं चाचपत वर जायची, मागची ढकलायची. लोक शिट्ट्या मारत होते. ओघळ आली. मामांनी वेगात घातली. जीप पलीकडच्या काठावर उडाली, मागचा एक्सल खाली लोंबला, आणि खालून ठाण्‌ असा आवाज आला. मग खडखडाट. मामांनी लगेच क्लच दाबला.

मी उडी मारून खाली वाकले. सरकता जोड निसटला होता. शाफ्टचे दोन तुकडे, दोन टोकांना लोंबत. झाडाला टांगलेली जीप वेगळी आणि उडालेली जीप वेगळी. ती दोन बोटं हवेतच गेली होती. लोक "अरेरे" म्हणाले. एक गॉगलवाला म्हणाला, "काका, संपलं. दोर लावू, ओढून घेऊ."

मी पाने घेतले, जीपच्या चाकांना धोंडे लावले आणि शाफ्टचे दोन्ही तुकडे उतरवून मागच्या सीटवर टाकले. मी मामांना म्हणाले, "मागचा गेला. पर पुढचा हाय. पुढच्या चाकांवर जाईल."

मामांनी प्रयत्न केला. पुढची चाकं जागीच फिरली, मुरूम उधळला, गाडी इंचभर हलली नाही. चढावर सगळा भार मागं जातो, पुढची चाकं हलकी पडतात. मी डोकं धरलं. मामा मात्र स्टिअरिंगवर बोटं वाजवत वर झेंड्याकडं, खाली ओघळीकडं, परत वर बघत होते.

"सूनबाई," ते म्हणाले, "जी चाकं वढत्यात ती खाली ठिवली तर?"

मला समजायला एक श्वास लागला. "रिव्हर्स! मामा, रिव्हर्स!"

बरोबर होतं. गाडी उलटी केली तर पुढची चाकं खालच्या अंगाला येतील, सगळा भार, वरून इंजिनाचंही वजन, त्यांच्यावरच पडेल. ओघळीच्या काठावर थोडी सपाट जागा होती. मामांनी पुढं-मागं, पुढं-मागं करत जीप वळवली. तिचं तोंड खाली लोकांकडं झालं आणि शेपूट वर झेंड्याकडं. खाली आधी हशा पिकला. मग मी मागं चढावर उभी राहून दोन्ही हातांनी इशारा करायला लागले, "येऊ द्या! येऊ द्या! डावीकडं, जरा डावीकडं!" मामांनी मान मागं वळवून, एक हात सीटच्या पाठीवर टाकून, रिव्हर्स गिअर घातला. बसस्टँडवर प्रवासी घेताना जसे मागं यायचे, अगदी तसे.

चाकांनी मुरूम धरला. जीप गुरगुरत वर यायला लागली. मी मागं सरकत होते आणि ती माझ्याकडं येत होती. हशा थांबला. मग कुणीतरी शिट्टी मारली आणि सगळी टेकडी ओरडायला लागली. "या मामा, या!" ज्यांचे ते मामा नव्हते तेही मामा म्हणत होते. एका धोंड्यावर चाक अडलं, सुटलं, परत धरलं. मी ओरडून ओरडून आवाज बसवून घेतला. शेवटी माझी पाठ झेंड्याच्या काठीला लागली आणि जीपचा मागचा बंपर माझ्यापासून हातभरावर येऊन थांबला.

मामा उतरले, त्यांनी झेंड्याच्या काठीला हात लावला आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

उलटी चढलेली गाडी धरायची की नाही यावर खाली बराच वाद झाला. शेवटी एकजण म्हणाला, नियमात गाडीनं झेंड्याला पोचायचं लिहिलंय, तोंड कुठं पाहिजे ते लिहिलेलं न्हाई. आमचा नंबर काही आला नाही, कारण वेळ फार गेला होता. पण गॉगलवाले सगळे येऊन मागच्या सीटवरचा तो शाफ्ट हातात घेऊन बघत होते, आणि मी त्यांना सरकता जोड किती आत पाहिजे ते बोटांनी दाखवत होते. बीडपर्यंत आम्ही पुढच्या चाकांवरच आलो. चालवली मी. मामा शेजारी बसून वाटेतल्या प्रत्येक ओळखीच्याला हात करत होते.

चाचांनी आता जोडाची नळी लांब करून दिली आहे. परवा आत्याबाई शेडात आल्या, जीपला एक चक्कर मारली आणि पदर खोचून म्हणाल्या, "मला बी न्या एकदा त्या टेकडीवर. पर सरळ तोंडानं न्या."

आम्ही नेलं. ओघळीपाशी त्यांनी डोळे मिटले, जीप पलीकडं गेली, चारी चाकांवर, आणि त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की मामांना गाडी थांबवून त्यांच्याकडं बघावं लागलं.